हंगामी कुंभार

महादू भोईरांच्या अंत्यविधीला जे घडलं, त्याच्या मुरबाड तालुक्यात आज निदान सात हकिकती प्रचलित आहेत. एकीत मी मडक्यावर मंत्र घातला होता. दुसरीत मडकं मुळात बिडाचं होतं आणि मी त्याला मातीचा रंग दिला होता. तिसरी टोकावड्याच्या बाजूला जास्त चालते; तिच्यात मयत उठून बसतं आणि मला पाणी मागतं. यातलं काहीही खरं नाही. मडकं मातीचं होतं, ते मी केलं होतं, आणि ते फुटलं नाही, एवढीच वस्तुस्थिती आहे. ती ज्याने घडवली त्यानेच लिहून ठेवावी, म्हणजे माझ्या पश्चात आठवी हकिकत निघणार नाही, या हेतूने मी हे लिहीत आहे.

मी चौबळ. अठरा वर्षं मुरबाडच्या शाळेत चित्रकला शिकवली. सदतीस सालच्या काटकसरीत शाळेतून चित्रकलेचा तास गेला आणि तासाबरोबर मीही गेलो. घर स्वतःचं होतं, थोडं भात यायचं, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. चिंता होती ती हाकेची. अठरा वर्षं बाजारातून जाताना लोक "काय मास्तर?" म्हणत आले होते. नोकरी गेल्यावर चार महिन्यांनी कापडवाल्याने मला दुकानात सरळ "काय हो चौबळ?" म्हणून विचारलं. तो माणूस वाईट नव्हे. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि मी ठरवलं, की या गावात पुन्हा मास्तर व्हायचं, मग काही का शिकवावं लागेना.

काय शिकवायचं याचा शोध मी मुंबईत लावला. तिथे एका संस्थेत सहा आठवड्यांत मातीची भांडी करायला शिकवत. मी शिकून प्रशस्तिपत्रक घेऊन आलो आणि ते चौकटीत घालून देवघराच्या दारावर लावलं. आमच्या घरातून ते दुसऱ्या दिवशी जात्यावरच्या खुंटीला हलवण्यात आलं. "देव आधीच दाटीने बसलेत," असं कारण मिळालं.

आमचे शेजारी टिपणीस अण्णा हे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं कागदात काढल्यामुळे, जी गोष्ट कागदावर नाही ती जगात नाही अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी ओटीवर पाटी वाचली, 'मृत्तिकाशिल्प वर्ग. शिक्षक: चौबळ मास्तर', आणि विचारलं, "माती कुठली?"

"तळ्यातली," मी म्हणालो.

"कोणाच्या परवानगीने?"

देवजी कुंभार तीच माती पिढ्यानपिढ्या काढत होता आणि त्याला कोणी कधी काही विचारलं नव्हतं, हे मी निदर्शनाला आणलं. अण्णांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "देवजी कुंभार आहे. तुम्ही कोण आहात?"

हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी मला तलाठ्याने विचारला. तळ्याची माती कुंभाराला मोफत. इतरांना अर्ज, त्यावर पंचनामा, त्यावर प्रांतांची सही, आणि तोवर पावसाळा. तलाठी सज्जन होता. त्याने बराच वेळ टाक कानावर ठेवून विचार केला आणि शेवटी रजिस्टरात माझ्या नावापुढे लिहिलं: 'कुंभार (हंगामी)'. मी म्हणालो, अहो, मी मास्तर आहे. तो म्हणाला, मास्तरला मातीची तरतूद नाही.

मी त्या कंसाकडे बघत घरी आलो. अठरा वर्षं शाळेत काढून माझ्या वाट्याला शेवटी एक कंस आला, आणि त्यातही हंगामी. घरी सांगितलं तेव्हा मंडळी एवढंच म्हणाल्या, "निदान काहीतरी झालात."

या नोंदीचं पहिलं फळ मार्गशीर्षात मिळालं. चिंचपाड्यातल्या एका लग्नघरच्या बायका वाजत-गाजत देवजीच्या चाकाची पूजा करून आल्या त्या थेट आमच्या ओटीवर. गावात नोंदलेले कुंभार दोन, मग एकाला वगळलं तर नवरीला अपशकुन, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. कोणी, ते मी तेव्हा विचारलं नाही. त्यांनी माझ्या चाकाला हळदकुंकू वाहिलं, आमच्या घरी खण दिला, मला टॉवेल-टोपी दिली, आणि लग्नाची मडकी कधी नेऊ म्हणून विचारलं. माझ्याकडे तोपर्यंत तयार झालेली वस्तू एकच होती, ती म्हणजे पाटी. चाक तर लखमा सुताराने मी दिलेल्या मापाने इतकं भक्कम केलं होतं, की ते पायाने फिरवायला सुरुवात केली की पाऊण मिनिटाने हलायचं आणि थांबवायला गेलं की तेवढ्याच वेळाने थांबायचं. मी टोपी परत करू लागलो तेव्हा नवरीची आई घाबरली. टोपी अजून माझ्याकडे आहे.

वर्गाला पाच जण आले. टिपणिसांच्या दोन सुना (दुपारचं घरातून सुटायला मिळतं म्हणून), देवी टोचणारे सरकारी डॉक्टर, वाण्याचा पुतण्या, ज्याला फक्त एक दौत करायची होती, आणि गावातली सुईण ताराबाई. पहिल्या दिवशी मी अर्धा तास मृत्तिकेच्या इतिहासावर बोललो. सगळ्यांनी वह्या आणल्या होत्या आणि कोणीतरी मला "मास्तर, परत सांगा" म्हणालं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. वर्ग तिथेच थांबवला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण मग चाक फिरवायची वेळ आली. माझा पहिला गोळा चाकावरून सुटला तो डॉक्टरांच्या कोटावर, दुसरा अण्णांच्या खुर्चीत. अण्णा खुर्चीत होते. ताराबाईने पुढे होऊन माझ्या तिसऱ्या गोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, ह्ये पोर आडवं आलंय. जोर नका लावू." मी तिला सांगितलं की मुंबईला असंच शिकवतात. ती आपल्या जागेवर गेली, पण माझं भांडं वाकडं झालं आणि तिचं सरळ. पुढे महिनाभर हेच चाललं होतं, आणि ते वर्गात सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे ते मी इथे लपवण्यात अर्थ नाही.

पहिली भट्टी लावली तेव्हा बेचाळीस भांडी आत होती. बाहेर काढलं ते घमेलंभर खापर. अण्णा ओसरीवर बसून प्रत्येक आवाज मोजत होते. त्यांचा आकडा एकोणचाळीस होता, म्हणजे तीन भांडी निमूटपणे गेली. ओली माती, असं निदान ताराबाईने केलं. लाकूड कमी, असं मी केलं, कारण मास्तर मी होतो.

दुसऱ्या भट्टीला मी झिलई करायचं ठरवलं. झिलईला काच लागते, दळलेली. मुरबाडात काच म्हटलं की बांगड्या. मी सरळ मनाने आळीतल्या चार घरी गेलो आणि दारात उभा राहून म्हणालो, "घरात फुटलेल्या बांगड्या असतील तर द्या, आणि पुढे फुटतील त्या जपून ठेवा." पहिल्या घरी दार लागलं. दुसऱ्या घरी म्हाताऱ्या सासूबाईंनी माझ्या पुढच्या सात पिढ्यांबद्दल काही बोलून दाखवलं. तिसऱ्या आणि चौथ्या घरी माझ्याआधीच बातमी पोचली होती. सवाष्णीच्या दारात उभं राहून तिच्या बांगड्या फुटायची वाट बघणारा मनुष्य, ही माझी कीर्ती संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत गेली. घरी मंडळींनी आठ दिवस माझ्याशी संबंध फक्त ताटापुरता ठेवला. काच शेवटी शहापूरच्या सोडावाटरवाल्याकडून आली, फुटक्या बाटल्यांची.

आणि या वेळी मी काही कमी ठेवलं नाही. भिंती बोटभर जाड केल्या. डोंगरातल्या वाडीवरून लाकडाच्या मोळ्या आणणारी लहानी पंधरा दिवस फक्त माझ्यासाठी खेपा घालत होती. शेवटची मोळी टाकताना तिने विचारलं, "मास्तर, आत काय भाजताव, दगूड?" भट्टी सकाळपासून सबंध दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेटती ठेवली. उघडली तेव्हा सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं, एक सोडून. ते एक मडकं मात्र काय सांगू! काळसर मधाचा रंग, अंगावर ओघळलेली झिलई, आणि टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा नाद. मी ते उचलून आत नेलं आणि मंडळींच्या पुढे ठेवलं. त्यांनी पदराने ते पुसलं आणि म्हणाल्या, "हे चांगलं झालंय हो." लग्नानंतर बावीस वर्षांत माझ्या हातच्या कशाला त्या असं म्हणाल्या नव्हत्या.

माघात ठाण्याला औद्योगिक प्रदर्शन होतं. सरकारी खात्याचे साहेब तिथे येणार होते, आणि ज्याची वस्तू त्यांना पसंत पडेल त्याच्या वर्गाला सालीना मदत मिळून सरकारी यादीत मास्तर म्हणून नाव चढणार होतं. सरकारी यादीत! तिथून मला कापडवाला काय, कोणीच उतरवू शकलं नसतं. मी जागा राखून ठेवली. प्रदर्शनात माझ्या नावाची चिठ्ठी लागली: 'चौबळ, मुरबाड. मडके, नग एक.'

पौष पुनवेला म्हशाची जत्रा. देवजी दरवर्षी सगळी भांडी गाडीत भरून मुलासुनेसकट म्हशाला जातो आणि पाल ठोकून बसतो, ते आठ-दहा दिवस. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर मडकं गवतात बांधत होतो, तेव्हा महादू भोईरांचा कुंडलिक दारात येऊन उभा राहिला. डोक्याला काही नाही, अंगावर पंचा.

"मास्तर, बाबा गेला," तो म्हणाला. "मडकं पायजे."

मला आधी कळलंच नाही. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने पाणी घेतलं नाही. "देवजीच्या पडवीत एकच मडकं व्हतं, त्ये इस्तवाला घेतलं. पान्याचं नाय. म्हशाला मानूस धाडला तं येस्तवर दिवस जाईल. तलाठी भाऊसाब बोलले, दुसरे कुंभार तुमी."

मी त्याला समजावायला सुरुवात केली, की घरचं एखादं मडकं, किंवा तांब्याची कळशी... कुंडलिक मान खाली घालून ऐकत होता. कोरं मडकं लागतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मग मी ठाण्याबद्दल सांगू लागलो. साहेब, यादी, राखलेली जागा. मी किती वेळ बोललो कोण जाणे. दारातून आवाज आला, "त्याच्या घरात मयत पडलंय, आणि तुम्ही त्याला ठाणं काय सांगताय?"

मंडळींनी ते मडकं गवतातून सोडवून कुंडलिकच्या हातात दिलं. माझ्या हातात देणं त्यांना सुरक्षित वाटलं नसावं.

मग मी मागे राहणं शक्यच नव्हतं. भोईरांचा महादू मला चांगला ठाऊक होता. शाळेच्या कुडाला कारवी त्यानेच आणून दिली होती. मी आणि अण्णा तिरडीमागून नदीवर गेलो. सरण पेटलं. कुंडलिकने पाण्याने भरलेलं माझं मडकं खांद्यावर घेतलं आणि तो एका बाजूला झुकला, कारण मडकं रिकामंच चार शेर भरत होतं. पहिली फेरी सुरू झाली. मागून त्याचा चुलता गोमा हातात दगड घेऊन चालत होता. फेरी पुरी झाली की मडक्याला टोचा मारायचा, भोक पडतं, पाण्याची धार लागते, असं तीनदा. गोमाने टोचा मारला. 'टण्ण' असा आवाज आला. धार लागली नाही. त्याने पुन्हा मारला. दगडाचा टवका उडाला. दुसऱ्या फेरीत त्याने दगड बदलला. तिसऱ्या फेरीत दोघांनी मिळून मारला आणि कुंडलिक कोलमडता कोलमडता वाचला. तो बिचारा नाद इतका सुरेल होता की पलीकडे गुरं राखणारे उठून बघायला लागले.

"टाक रे मागं," कोणीतरी म्हणालं. कुंडलिकने खांद्यावरून मडकं मागे टाकलं.

मडकं दगडावर पडलं, उसळलं, उतारावरून गडगडत गेलं, एका बाभळीला लागून वळलं आणि टिपणीस अण्णांच्या पायाशी येऊन थांबलं. शाबूत.

या विधीत मडकं टाकणाऱ्याने मागे वळून पाहायचं नसतं. कुंडलिक सरणाकडे तोंड करून उभा होता, हात खांद्यावर तसाच. तो कान देऊन ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "फुटलं का?"

अण्णांनी पाय मागे घेतला.

"फुटलं का रं?"

चाळीस माणसं एका मडक्याकडे बघत उभी होती. मग गोमा हळूच म्हणाला, "दादाचा जीव आडाकलाय." हे पसरायला वेळ लागला नाही. कशात अडकलाय याची चर्चा झाली. कोणी म्हणालं, बैलात. थोरल्या जावयाने मोठ्याने कबूल केलं की ढवळ्या विकणार नाही. मडकं उचलून कुंडलिकच्या खांद्यावर ठेवलं, त्याने टाकलं. नुसताच धप्प आवाज. मग गोमा पुढे झाला. भावाभावांत बांधावरच्या दोन आंब्यांवरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. गोमाने हात जोडले, त्याला रडू फुटलं, "दादा, आंबे कुंडलिकचे. मी सोडलं. आता जा रं." मडकं तिसऱ्यांदा पडलं आणि पुन्हा लोळत लांब गेलं. त्या आंब्यांचा निकाल कल्याणच्या दोन वकिलांना लावता आला नव्हता, हे मी माझ्या बाजूने नमूद करतो.

अण्णांनी तोडगा काढला. "फुटलं असं मानून पुढे चालावं. तशी सर्वांनी साक्ष द्यावी."

"मानून नाय," कुंडलिक तसाच पाठमोरा म्हणाला. "आवाज आयकल्याबिगर मी कसा जाऊ? बाबाला असा सोडून कसा जाऊ?"

तोपर्यंत मला हसू येईल की काय अशी भीती वाटत होती, ते मी कबूल करतो. त्याचा तो आवाज ऐकला आणि भीती गेली. हा मुलगा आपल्या बापाला निरोप द्यायला आला होता आणि माझ्या कौशल्याने त्याला देऊ दिला नव्हता. सरणाची लाकडं सारायला आणलेली पहार बाजूला पडली होती. मी कोट काढून अण्णांच्या हातात दिला आणि पहार उचलली.

पहिला घाव निसटला. दुसऱ्याने काठावरची झिलई उडाली. त्या क्षणी मला ते मडकं ओटीवरच्या उन्हात दिसलं, पदराने पुसलेलं. तिसरा घाव मी डोळे मिटून घातला. फुटलं. केवढा आवाज झाला! कुंडलिकने तोंडावर हात मारून बोंब ठोकली आणि वळून न पाहता चालू लागला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. महादूवर मास्तरांचा जीव होता, असं लोक म्हणाले. होताही. पण त्यातलं निम्मं पाणी मडक्याचं होतं, हे आज पहिल्यांदा सांगतो.

ठाण्याच्या प्रदर्शनात माझी चिठ्ठी तीन दिवस रिकाम्या फळीवर एकटीच राहिली. साहेबांनी खुलासा मागवला. अण्णांनी सात कलमी उत्तर लिहिलं, त्यातलं पाचवं 'सदर मडके अंत्यविधीकामी खर्ची पडले' असं होतं. इकडे वर्ग संपला. स्मशानात नाव झालेल्या हाताखाली सुना पाठवायला अण्णा तयार होईनात, डॉक्टरांची बदली झाली, दौत आधीच सोडून गेली होती. ताराबाई मात्र एकटी येऊन दारात बसायची आणि थोड्या वेळाने उठून जायची.

जत्रा उठली ती प्रदर्शनाच्या आधीच, आणि देवजी परत आला. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, हातात माझ्या मडक्याचं एक खापर. मी उठून उभा राहिलो. त्याच्या पिढीजात हक्कात मी पाय घातला होता. चार शब्द ऐकून घ्यायची माझी तयारी होती. देवजी खाली बसला आणि खापर हातात फिरवत राहिला.

"माझी चूक झाली, मास्तर," तो म्हणाला. "जत्रंला जाताना दोन मडकी पडवीत ठेवायची. माझा बाप ठेवायचा, आजा ठेवायचा. अवंदा जनी बोलली, मामा, एकच ठेवा, दुसरं इकू. मी नेलं. भोईराचं पोर माझ्या दारातून पान्याच्या मडक्याबिगर गेलं. चाळीस वर्सांत असं नाय झालं कंधी."

जनी म्हणजे त्याची सून. तिचा काही दोष नव्हता. मी तसं म्हणालो. मग त्याने खापर माझ्यापुढे धरलं, टिचकी मारली, ऐकलं.

"भाजलंय झकास. पन ह्ये मडकं नाय."

"का?" मी विचारलं. मला राग आला होता.

"फुटनार नाय असं भांडं करनं सोपं हाय. माती जाड घ्यायची, लाकूड जाळायचं. उनाळाभर पानी धरायचं, नि ज्या दिशी फुटायचं त्या दिशी एका दगडात फुटायचं, त्ये कठीन. मडक्याला फुटायला जागा ठेवायला लागते."

"कुठे ठेवायची?"

"सगलीकडं," देवजी म्हणाला.

सहा आठवड्यांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रशस्तिपत्रकातही नव्हतं. मी विचारलं, शिकवशील का? तो म्हणाला, "तुमाला? बघू."

दुसऱ्या दिवसापासून देवजी आमच्या ओटीवर यायला लागला. लखमाचं चाक त्याने एकदा फिरवून पाहिलं आणि बैलगाडीला लावा म्हणाला. आपलं काठीने फिरवायचं चाक आणलं. त्याची शिकवण्याची पद्धत अशी, की बोलायचं नाही, चुकलं की ओल्या लाकडी थापीने बोटांवर मारायचं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. मातीत राख घालायला शिकलो, लीद मळायला शिकलो, जाड भांडं आतून दगड धरून बाहेरून थापीने ठोकत ठोकत पातळ करायला शिकलो. मास्तर मार खातायत ही बातमी गावात पसरली आणि वर्ग भरला. ताराबाई पहिली आली. टिपणिसांच्या सुना आल्या. आळीतल्या त्या सासूबाईसुद्धा आल्या, बांगड्या सांभाळून. फाल्गुनात आम्ही नऊ जण होतो, आणि भाताच्या तुसात भाजलेली आमची भांडी भट्टीतून शाबूत निघत होती.

साहेब आले ते चैत्रात, आगाऊ सूचना न देता. पाचव्या कलमाने त्यांचं कुतूहल जागं झालं होतं म्हणे. सोबत कारकून, कारकुनाकडे छापील तक्ता. मी तेव्हा कोपरापर्यंत चिखलात, चाकापाशी उकिडवा. देवजी थापी घेऊन उभा. साहेबांनी रांगेत ठेवलेली भांडी पाहिली, एक उचललं, उन्हात धरलं, खाली ठेवलं.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "अशा वर्गाला मदत द्यायला आम्हाला आनंदच वाटेल. मास्तर कोण?"

कारकुनाने टाक दौतीत बुडवला. तो तक्ता मला दिसत होता. पहिल्याच ओळीत रिकामी जागा. याच जागेसाठी मी मुंबईला गेलो होतो, कंसात गेलो होतो, नको त्या दारात उभा राहिलो होतो. प्रशस्तिपत्रक जात्यावर होतं, दहा पावलांवर. मंडळी दारात येऊन उभ्या होत्या.

"मास्तर हे," मी म्हणालो आणि देवजीकडे हात केला. "मी यांचा विद्यार्थी."

साहेबांनी देवजीकडे पाहिलं. "काय रे, खरं का?"

देवजी दचकला. सरकारी माणसाने काही विचारलं की काहीतरी जातं, एवढा त्याचा अनुभव होता. पण तो घाबरला ते त्यामुळे नसावं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"नाय साहेब. मास्तर त्येच. मी आपला कुंभार."

"मग हे तुझे कोण?"

"त्ये मास्तर हायत," देवजी म्हणाला. "शिकतायत."

कारकुनाने टाक वर धरला. साहेबांनी पुन्हा मला विचारलं, मी पुन्हा देवजी म्हणालो. देवजीला विचारलं, तो पुन्हा मास्तर म्हणाला. अण्णा कुंपणावरून कळवळून ओरडले, "अहो, कोणीतरी एकजण व्हा!" विचारण्याची ही फेरी तीनदा झाली. साहेब चिडले नाहीत, पण त्यांना शहापूर गाठायचं होतं. पंधरा दिवसांनी खात्याचं पत्र आलं, ते माझ्याकडे आहे. 'वर्ग समाधानकारक. विद्यार्थिसंख्या पुरेशी. तथापि वर्गास मास्तर नसल्याने मदत मंजूर करता येत नाही.'

पण ते पंधरा दिवसांनी. त्या दुपारी साहेबांची गाडी धूळ उडवत गेली. मला वाटत होतं की मी काहीतरी गमावलं आहे, आणि मला त्याचं वाईट का वाटत नाही ते समजत नव्हतं. मी तसाच उभा राहिलो असतो. देवजीने थापीने माझ्या कोपराला ढोसलं.

"चला मास्तर, बसा खाली," तो म्हणाला. "माती सुकतेय."

मी बसलो.